परसात कॉक्स: इंग्लंडचं जुनं सफरचंद पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरात कुणी सफरचंद कानाशी धरून हलवताना दिसलं, तर त्याला वेडा समजू नका. तो कॉक्स तपासतोय. 'कॉक्सेस ऑरेंज पिपिन' नीट पिकलं की आतल्या बिया सुट्या होतात आणि फळ हलवल्यावर बारीक खुळखुळतात, वाळक्या शेंगेतल्या दाण्यांसारख्या. घरच्या झाडाचा हा आवाज ऐकायला मला सहा वर्षं लागली. त्यातली तीन निव्वळ चुका करण्यात गेली.

आम्ही लंडनच्या पश्चिमेला स्लाऊजवळ राहतो. या भागात मराठी घरं बरीच आहेत, बहुतेकांच्या मागे टीचभर बाग असते आणि दर शरदात कुणीतरी विचारतंच, "एखादं सफरचंद लावावं म्हणतोय, कुठलं लावू?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

माझं गाव तासगावकडचं, घरची द्राक्षबाग. त्यामुळे सफरचंद म्हणजे काय मोठंसं, असा माझा पहिल्यापासून तोरा होता. तो कसा अंगाशी आला ते पुढे येईलच.

## आधी थोडी ओळख

हे फळ आमच्या अगदी शेजारचं. हीथ्रो विमानतळाच्या पश्चिमेला कोलनब्रुक नावाचं गाव आहे. डोक्यावरून सतत विमानं जात असतात. लंडनमधल्या बर्मंडसीत बिअर बनवण्याचा धंदा करून निवृत्त झालेले रिचर्ड कॉक्स तिथे राहायला आले आणि १८२५ च्या सुमारास त्यांनी सफरचंदाच्या बिया लावल्या. त्या बिया यॉर्कशायरच्या 'रिब्स्टन पिपिन' या त्याहून जुन्या जातीच्या होत्या, असं बरीच वर्षं मानत आले. त्यांच्या बियांतून दोन नामी झाडं निघाली. एक 'कॉक्सेस पोमोना', शिजवायचं सफरचंद, आज फारसं कुणाला आठवत नाही. दुसरं हे. कॉक्स १८४५ मध्ये वारले, आणि स्लाऊचे रोपवाटिकावाले चार्ल्स टर्नर यांनी १८५० पासून त्याची कलमं बाजारात आणली. म्हणजे ज्यांच्या नावाने सगळं इंग्लंड सफरचंद खाऊ लागलं, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

'पिपिन' या शब्दाला बिचकू नका. 'पिप' म्हणजे बी, पिपिन म्हणजे बियांपासून आलेलं झाड. थोडक्यात, रायवळ. आपल्याकडे शंभर रायवळ आंब्यांतला एखादाच लाजवाब निघतो आणि मग त्याची कलमं बांधतात, तसंच हे. आज जगात कॉक्सची जितकी झाडं आहेत, ती सगळी कोलनब्रुकच्या त्या एका झाडाच्या काड्यांवरून आलेली.

यातूनच पहिली ताकीद निघते. फळ आवडलं म्हणून त्याच्या बिया कुंडीत लावू नका. झाड येईल, पण कॉक्स येणार नाही. हापूसची कोय लावून हापूस येत नाही, त्याच कारणाने.

आणखी एक. इथे सफरचंदांचे दोन वर्ग मानतात. 'डेझर्ट ॲपल' म्हणजे नुसतं कापून खायचं आणि 'कुकर' म्हणजे शिजवायचं. कॉक्स पहिल्या वर्गातलं. आमच्या एका स्नेह्यांनी मोठं, हिरवंगार, रुबाबदार फळ बघून ब्रॅम्लीचं झाड आणलं आणि पहिलंच फळ कच्चं खाल्लं. चेहरा कैरी चावल्यासारखा झाला होता. आता ते त्याचं लोणचं घालतात, आणि खरं सांगायचं तर फक्कड होतं.

## १. झाड घेण्याआधी फळ खा

हे सगळ्यात सोपं, आणि हेच बहुतेक जण करत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इंग्लंडातल्या सुपरमार्केटातही कॉक्स मिळतं, पण शेतावरच्या दुकानातलं किंवा फार्मर्स मार्केटमधलं घ्या. २१ ऑक्टोबरला इथे 'ॲपल डे' असतो. १९९० पासून तो साजरा होतो, आणि त्याच्या आगेमागे अनेक बागांत जुन्या जाती चाखायला ठेवतात. जमलं तर केंटमध्ये फॅव्हरशॅमजवळ ब्रॉगडेलला जा. तिथल्या राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाच्याच दोन हजारांहून जास्त जाती आहेत. डोकं भणभणतं, पण जीभ तयार होते.

कॉक्स दिसायला साधंच. मध्यम आकाराचं, किंचित निमुळतं. मूळ रंग हिरवट पिवळा, पिकताना सोनेरी होतो. त्यावर नारिंगी-लाल छटा आणि लाल रेघा. देठाच्या खळग्याशी आणि अंगावर मधूनमधून तपकिरी, खरखरीत चट्टे असतात. त्याला इथे 'रसेट' म्हणतात. चिकूच्या सालीवर बोट फिरवल्यासारखं लागतं. हा रोग नाही. माझ्या आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नळाखाली धरून घासत बसली होती.

कापल्यावर गर पांढराफेक नसतो, सायीच्या रंगाचा असतो. चव एका शब्दात सांगता येत नाही. गोड आणि आंबट दोन्ही सारख्याच जोराने येतात, मागून पेरूचा नव्हे, पण नासपतीचा वास येतो आणि चावून झाल्यावर काहीतरी बदामासारखं जिभेवर उरतं. नुसत्या गोड सफरचंदाची सवय असलेल्यांना पहिला घास आंबट वाटतो. दोन दिवस थांबून पुन्हा खा. तरीही आवडलं नाही तर कॉक्स लावू नका, कारण पुढची मेहनत चवीच्या ओढीशिवाय होत नाही.

मुंबई-पुण्यात 'रॉयल गाला' म्हणून जे आयात सफरचंद मिळतं ते या घराण्यातलंच आहे. कॉक्स आणि डेलिशियस यांच्या संकरातून न्यूझीलंडमध्ये 'किड्स ऑरेंज रेड' झालं, आणि त्याच्या नि गोल्डन डेलिशियसच्या संकरातून 'गाला'. म्हणजे गाला ही कॉक्सची नात. इंग्लंडातल्या बागाईतदारांनी आता आजोबांना उपटून नातच लावली आहे, कारण नात कमी नखरे करते आणि भरपूर फळते.

## २. परवानगी आणि जागा

घर भाड्याचं असेल तर आधी भाडेकरार काढून बागेविषयीचं कलम वाचा आणि घरमालकाला ईमेल करा. तोंडी 'हो' धरून चालू नका. झाड जमिनीत गेलं की ते जमिनीचं झालं. घर सोडताना बरोबर नेता येईल असं समजू नका. कौन्सिलचा अलॉटमेंट प्लॉट (भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) असेल तर त्याची नियमावली पाहा. बऱ्याच ठिकाणी फळझाडं चालतात, पण बुटक्या खुंटावरचीच (खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग), आणि कडेपासून ठराविक अंतर सोडून.

हाताशी ठेवायचे कागद असे:

- भाडेकरार किंवा अलॉटमेंटची नियमावली, आणि परवानगीचा ईमेल
- रोपवाटिकेची पावती, तीवर जात आणि खुंट दोन्ही लिहिलेले हवेत
- झाड ऑनलाइन मागवलं तर त्याबरोबर येणारी 'प्लांट पासपोर्ट'ची, म्हणजे झाडाच्या आरोग्याच्या दाखल्याची चिठ्ठी (फेकू नका, खोक्यावरच चिकटवलेली असते)
- झाड कुठे, कधी लावलं याची स्वतःची नोंद. तीन वर्षांनी लेबल उडून जातं, तेव्हा हीच कामी येते

जागेला निदान अर्धा दिवस ऊन हवं. ऊन कमी पडलं तर फळ धरेल, पण साखर आणि रंग भरणार नाही. पाणी साचणारी जागा कॉक्सला अजिबात चालत नाही. पावसाळी दिवसानंतर तिथे फूटभर खड्डा खणून बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर जागा बदला. बागेतला सगळ्यात खोलगट कोपराही टाळा. वसंतातलं दहिवर खाली उतरून तिथेच बसतं. स्कॉटलंड किंवा वेल्सच्या ओल्या, थंड भागात राहत असाल तर कॉक्सचा हट्ट सोडून त्याच्याच रक्ताचं 'सनसेट' नाहीतर 'फिएस्टा' लावा. चव जवळची, तक्रारी कमी.

## ३. खुंट निवडा, जातीइतकंच ते महत्त्वाचं

द्राक्षवाल्यांना 'डॉगरिज'चा खुंट माहीत असतो, त्यांना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी: झाडाचा खालचा भाग एका जातीचा आणि वरचा कॉक्सचा असतो. झाड किती उंच होणार आणि किती लवकर फळणार, हे बरंचसं खालचा भाग ठरवतो. हे खुंट केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रातून आले, म्हणून नावात 'एम' असतो.

- एम २७: माणसाच्या उंचीचं झाड. कुंडीत चालतं. माती चांगली नसेल तर रडत राहतं.
- एम ९: साधारण अडीच मीटर. दोन-तीन वर्षांत फळ. मुळं ठिसूळ, म्हणून जन्मभर खांबाचा आधार लागतो.
- एम २६: तीन मीटरच्या आसपास. छोट्या बागेसाठी माझी पसंती.
- एमएम १०६: चार मीटर किंवा जास्त. लोकरी माव्याला (कापसासारखी दिसणारी कीड, पुढे येईल) दाद देत नाही, पण पाणी साचलं तर बुंध्याशी कुजतो.
- एम २५: हे मळ्यातलं झाड. टेरेस घराच्या, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घराच्या, बागेत लावलंत तर शेजारी बोलणं टाकतील.

माझं पहिलं झाड मी एका दुकानातून सवलतीत आणलं. लेबलवर फक्त 'ॲपल कॉक्स' होतं, खुंटाचं नाव नाही. तिसऱ्या वर्षी ते कुंपणाच्या वर गेलं आणि एक फूल नाही. शेवटी काढावं लागलं, आणि काढताना मुळांनी फरशी उचलली. खुंटाचं नाव न सांगणाऱ्याकडून झाड घेऊ नका. कितीही स्वस्त असो.

## ४. जोडीदार हवाच

कॉक्स स्वतःच्या परागाने जवळजवळ फळत नाही. दोन कॉक्स शेजारी लावूनही भागत नाही, कारण दोन्ही एकाच झाडाची कलमं. त्याच सुमाराला फुलणारी *वेगळी* जात मधमाशीच्या टप्प्यात हवी.

रोपवाटिकांच्या यादीत प्रत्येक जातीपुढे फुलण्याचा गट लिहिलेला असतो. कॉक्सचा गट ३ किंवा 'सी'. त्याच गटातली किंवा शेजारच्या गटातली जात चालते. 'जेम्स ग्रीव्ह', 'डिस्कव्हरी', 'वूस्टर पियरमेन', किंवा गट २ मधलं 'एग्रेमाँट रसेट'. मी जेम्स ग्रीव्ह लावलं, कारण ते सप्टेंबरातच खायला होतं आणि कॉक्सची वाट बघताना तोंडाला काहीतरी लागतं. जागाच नसेल तर 'जॉन डाउनी'सारखं शोभेचं क्रॅब ॲपल लावा. त्याचे पराग चालतात, आणि फळांची जेली होते.

इथे एक हमखास सापळा आहे. ब्रॅम्ली, ब्लेनहाइम ऑरेंज आणि खुद्द रिब्स्टन पिपिन ही झाडं पराग देण्याच्या कामाची नाहीत. त्यांच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे पराग निकामी. शेजाऱ्याकडे मोठं ब्रॅम्ली आहे म्हणून निर्धास्त राहिलात, तर माझ्यासारखी दोन वर्षं नुसती फुलं बघत बसाल.

शहरी वस्तीत पाच-सहा घरांत एखादं तरी सफरचंद असतंच. एप्रिलअखेरीस कुत्र्याला फिरवायला जाता तेव्हा कुंपणावरून डोकावून बघा, कुठे गुलाबी-पांढरी फुलं दिसतात ते. नसतील तर 'सेल्फ-फर्टाइल क्वीन कॉक्स' नावाचा प्रकार मिळतो. तो एकटाही फळतो, पण जोडीदार असला तर त्यालाही आवडतं.

## ५. झाड कधी आणि कसलं मागवायचं

नोव्हेंबर ते मार्च हा 'बेअर-रूट' झाडांचा हंगाम. झाड झोपेत असतं, माती झाडून नुसती मुळं बांधून पाठवतात. खोक्यातून काढल्यावर कुणाच्याही मनात येतं, ही वाळकी काठी जगणार कशी? जगते. कुंडीतल्या झाडापेक्षा स्वस्त असते आणि निवडही जास्त मिळते. चांगल्या रोपवाटिका सप्टेंबरपासून नोंदणी घेतात. जानेवारीत जागे झालात तर हवा तो खुंट संपलेला असतो.

'मेडन' म्हणजे एक वर्षाचं कलम आणि 'बुश' म्हणजे दोन-तीन वर्षांचं, फांद्या फुटलेलं. पहिल्यांदा लावत असाल तर बुश घ्या.

झाड आलं आणि बाहेर जमीन गोठलेली असेल तर घाई करू नका. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून थंड गॅरेजमध्ये ठेवा. घरात हीटरजवळ मात्र कधीच नको.

## ६. लावणी

साहित्य: फावडं, माती उकरायचा काटा, दीड-दोन मीटरचा लाकडी खांब, रबरी पट्टा (दोरी नव्हे, दोरी साल कापते), बादली, कुजलेलं कंपोस्ट किंवा लाकडाचा भुसा, आणि एक चांगलं सिकेटर (छाटणीची कात्री). सिकेटरवर पैसे वाचवू नका.

मुळं तासभर बादलीत भिजवा. खड्डा मुळांच्या पसाऱ्यापेक्षा रुंद, पण मुळांइतकाच खोल. शक्यतो चौकोनी, कारण गोल गुळगुळीत खड्ड्यात मुळं भिंतीलाच फिरत राहतात. खांब आधी ठोका, मग झाड ठेवा. नंतर ठोकलात तर मुळांतून जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बुंध्यावर एक वाकडं, गाठीसारखं ठिकाण दिसेल. तो कलमाचा सांधा. तो जमिनीच्या वर चार-पाच बोटं राहिलाच पाहिजे. मातीखाली गेला तर वरचा कॉक्स स्वतःची मुळं सोडतो आणि खुंटाचा बुटकेपणा वाया जातो. फावडं खड्ड्यावर आडवं ठेवा आणि त्याच्या दांड्याने पातळी बघा.

खड्ड्यात शेणखत घालायचा मोह आवरा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, व्हिडिओ कॉलवर "अरे, दोन पाट्या तरी टाक" म्हणून जीव खाल्ला, पण इथे खणलेली मातीच परत टाकायची. खत मुळांजवळ नको, वरून आच्छादन म्हणून द्यायचं, आणि तेही बुंध्यापासून वीतभर लांब. माती पायाने दाबा, आळं करा, दोन बादल्या पाणी घाला, पट्टा बांधा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या चुकवू नका. इंग्लंडात पाऊस पडतोच, यावर विसंबून माझं जेम्स ग्रीव्ह एका जुलैत जवळजवळ गेलं होतं. झाडाभोवती मीटरभर गवतही येऊ देऊ नका, तरण्या झाडाचं पाणी तेच पिऊन टाकतं.

## ७. पहिली तीन वर्षं: खुडा, विरळा, छाटा

पहिल्या वर्षी फुलं आली तर खुडून टाका. जिवावर येतं. तरी खुडा.

फुलं साधारण एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला येतात आणि नेमकं तेव्हाच एखाद्या रात्री पारा शून्याखाली जातो. उणे दोनच्या आसपास उमललेलं फूल मरतं. मध्यभाग काळा पडतो. झाड लहान असेल तोवर संध्याकाळी पातळ फ्लीस (झाड झाकायचं हलकं कापड) टाका आणि सकाळी काढा, नाहीतर मधमाश्या येणार कशा?

जूनमध्ये झाड स्वतःच पुष्कळ बारकी फळं टाकून देतं. घाबरू नका. ती गळ झाल्यावर तुमची पाळी. प्रत्येक घोसात एकच फळ ठेवा आणि दोन फळांत वीतभर अंतर. द्राक्षाची विरळणी केलेल्याला यात नवल नाही, पण आमच्या घरी पहिल्या वर्षी यावरून अबोला झाला होता. बायकोचं म्हणणं, देवाने दिलेलं तोडता कशाला. मी एका फांदीची विरळणी केली, एक तिच्यासाठी तशीच ठेवली. सप्टेंबरात तिच्या फांदीवर बोराएवढी चाळीस फळं होती.

मुख्य छाटणी हिवाळ्यात, पानं गेल्यावर. मेलेलं, रोगट, एकमेकांना घासणारं लाकूड आधी काढा. मग मधला भाग मोकळा करा, पेल्यासारखा. फळं आखूड, गुबगुबीत डोळ्यांच्या काड्यांवर धरतात. टोकदार, चपटे डोळे पानांचे. हे ओळखू येईपर्यंत कमी छाटा. जास्त छाटलंत की झाड चिडून सरळसोट शेंडे फेकतं आणि फळ विसरतं.

## ८. कॉक्सचे नखरे

इथले जुने बागवानही म्हणतात की कॉक्स खाणाऱ्याचं लाडकं आणि लावणाऱ्याचं दुखणं आहे. नेहमीच्या तक्रारी पुढे दिल्यात.

स्कॅब. पानांवर ऑलिव्ह-तपकिरी डाग, फळांवर काळ्या खपल्या, कधी भेगा. ओल्या वसंतात जास्त. बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते, म्हणून नोव्हेंबरात सगळी पानं झाडून उचला. अर्ध काम तिथेच होतं. थोड्या खपल्या असलेलं फळ सोलून खायला काही हरकत नाही.

कँकर. फांदीवर खोलगट, चिरलेली जखम, साल गोल गोल उकललेली. ही फांदी जखमेच्या खाली, निरोगी लाकूड दिसेपर्यंत कापा. तुकडे झाडाखाली ठेवू नका. निचरा खराब असेल तर पुन्हा येतो.

भुरी. द्राक्षवाल्यांना हे नाव सांगायची गरज नाही. कोवळ्या शेंड्यांवर पांढरी पूड. आणि माझा तोरा उतरला तो इथेच. अण्णा म्हणाले, "भुरी आहे ना? गंधक मार." पिढ्यान्पिढ्या तेच केलंय. मी मातीत मिसळायला मिळते ती गंधकाची पूड पाण्यात कालवली आणि फवारली. दहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या, मग पानं गळली, मग फळंही. नंतर वाचलं की कॉक्सला गंधक सोसत नाही. बागवानांच्या जुन्या पुस्तकांत अशा जातींची यादीच असते आणि कॉक्स त्यात वरच आहे. शिवाय ज्याला त्या कामाची मंजुरी नाही ते इथे फवारणं बेकायदाही आहे. गंधक कॉक्सवर नाही. भुरी आलेला शेंडा कापून टाका आणि झाडाला पाण्याचा ताण पडू देऊ नका. बस.

बिटर पिट. सालीखाली तपकिरी, स्पंजासारखे ठिपके, चव कडवट. हा जंतूंचा रोग नाही, फळाला कॅल्शियम कमी पोचल्याने होतो, आणि बहुतेकदा कारण असतं पाण्यातली अनियमितता. एक दिवस पूर, पंधरा दिवस दुष्काळ, असं करू नका.

कॉडलिंग मॉथ. फळ कापलं की आत अळी आणि भुसा. मेच्या मध्यावर कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारा) टांगा.

लोकरी मावा. फांद्यांवर कापसाचे पुंजके. उसावरच्याची आठवण येईल, जात वेगळी. जुन्या टूथब्रशने घासून काढा.

## ९. भारतात नेण्याचा विचार?

दर वर्षी कुणीतरी विचारतं, एखादी काडी पाचगणीला नेऊन बांधली तर? पहिलं, बॅगेतून नेऊ नका. भारतात रोप किंवा कलमकाडी आणायला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. दुसरं, कॉक्सला हिवाळ्यात लांबलचक थंडी हवी. साधारण सात अंशांखाली हजारभर तास. पाचगणीची थंडी आपल्याला थंडी वाटते, झाडाला नाही.

तसं कॉक्स भारतात येऊन गेलंय. १८७० च्या सुमारास कॅप्टन ली यांनी कुलू खोऱ्यात बंद्रोलला बाग लावली, तिच्यात इंग्लंडहून आणलेल्या पिपिन जाती होत्या, कॉक्सही. पण ती आपल्या लोकांना आंबट लागली. पुढे १९१६ च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स यांनी कोटगढला अमेरिकेतलं गोड, लाल डेलिशियस आणलं आणि हिमाचलचं सफरचंद म्हणजे तेच झालं. महाराष्ट्रात लावायचंच असेल तर कमी थंडीत फळणारं 'ॲना' किंवा बिलासपूरच्या हरिमन शर्मांचं 'एचआरएमएन-९९' बघा. ते कॉक्स नव्हे, एवढं लक्षात ठेवूनच.

## १०. तोडणी आणि आढी

दक्षिण इंग्लंडात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तोडणी चालते. नुसत्या लाल रंगावर जाऊ नका. लाल नसलेल्या भागाचा हिरवा पिवळसर झाला का ते बघा. मग फळ तळहातात अलगद धरा, वर उचला आणि जरासं फिरवा. देठासकट सुटून हातात आलं तर तयार. ओढावं लागलं तर आठवडाभर थांबा. सगळी फळं एका दिवशी काढू नका, दक्षिणेची आणि वरची आधी तयार होतात. दोन-तीन फेऱ्या करा.

आणि मग खाऊ नका.

बहुतेकांची निराशा इथेच होते. झाडावरून काढलेलं कॉक्स कडक, आंबट आणि मुकं असतं. मीही पहिलं फळ तिथेच उभ्या उभ्या खाल्लं आणि मनात म्हटलं, एवढ्यासाठी? बायकोच्या माहेरी राजापूरला आंबे आहेत. तिने एक फळ हुंगलं आणि म्हणाली, "याला आढीत घालायला हवं. हापूस काय झाडावरून काढून खाता का?"

गवत नव्हतं, वर्तमानपत्र होतं. तिने सांगितलं तशी आढी घातली आणि तेव्हापासून तीच पद्धत आहे. न दुखावलेली, देठ शाबूत असलेलीच फळं निवडायची. खाली पडलेलं, खरचटलेलं, अळीचं फळ वेगळं काढून त्याच आठवड्यात संपवायचं किंवा मुरंबा करायचा. उरलेली एकेक करून कागदात सैल गुंडाळायची आणि लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये एकाच थरात, एकमेकांना न टेकता, देठ वर करून ठेवायची. जागा थंड, अंधारी, पण गोठणारी नको. आमचं गॅरेज चालतं. पेट्रोल, रंग, कांदे, लसूण यांच्याजवळ नको. दोन वर्षांपूर्वीचा एक ट्रे आम्ही कांद्यांच्या जाळीखाली ठेवला होता, आणि ख्रिसमसपर्यंत आमच्या सफरचंदांना थालीपिठाचा वास येत होता. उंदीर असतील तर वर जाळी टाका. गॅरेज नसेल तर भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या तळच्या खणात ठेवा.

दोन-तीन आठवड्यांनी एक फळ काढा. साल किंचित तेलकट लागते, पिवळा रंग सोनेरी झालेला असतो, कानाशी धरलं की बिया वाजतात. तेव्हा कापा. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा ऐन काळ. जानेवारीपर्यंत जातात, पण गर मऊ पडत जातो आणि वास उडतो, म्हणून फार जपून ठेवण्यात अर्थ नाही.

दर रविवारी ट्रेवरून हात फिरवा आणि एखादं मऊ लागलं तर लगेच काढा. एक नासलं की शेजारची चार नासतात. आणि कागदावर तोडणीची तारीख लिहा. आमच्याकडे मागच्या वर्षी जेम्स ग्रीव्ह आणि कॉक्स एकाच ट्रेमध्ये मिसळले गेले. जेम्स ग्रीव्ह नोव्हेंबरातच पीठ झालं, आणि त्याच्या शेजारची सात कॉक्स घेऊन गेलं.